बिनअस्तराची कुंची

मामी, सुरुवातीलाच माफी मागतो. तुझ्याविषयी लिहावे एवढा माझा अधिकार नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात गेलेल्या माणसांवर लेख येतात, पण ती माणसे मोठी असतात. कोणी शाळा काढलेली असते, कोणी विहीर बांधलेली असते. तू कुंच्या केल्यास. बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायच्या, हनुवटीखाली बंद बांधायच्या, भरतकामाच्या कुंच्या. त्या घालणारी मुले वर्षभरात मोठी झाली आणि त्या विसरूनही गेली. शिवाय मला सुई नीट धरता येत नाही. आमच्या घराण्यात सहीपलीकडे काही लिहिणारा मी पहिलाच, त्यामुळे लेखणी तरी नीट धरता येते की नाही याची मला शंकाच आहे.

तुला वाचता येत नव्हते. हे मी तुला वाचून दाखवले असते तर दुसऱ्याच ओळीला तू म्हणाली असतीस, "सदू, पुरं कर पाल्हाळ. जेवायचं का न्हाई तुला?"

तरी लिहितो. परीक्षा तोंडावर आहे, पुस्तक उघडतो, आणि पानावर तुझा अंगठा दिसू लागतो. दोऱ्याची शेपटी कापडावर दाबून धरलेला, नखाजवळ सुईच्या टोचण्यांनी खडबडीत झालेला तो अंगठा.

आमच्या गावी, कान्ह्याला, चौथीच्या पुढे शाळा नव्हती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला लोणावळ्याला तुझ्या दारात आणून उभे केले, तेव्हा मला वाटले होते की मामी आता बरेच काही विचारणार. तू एकच विचारलेस. "शाळा सुटती कवा?" मी सांगितले. "मग बरं हाय. उजेड असंल तवर घरात दंगा करायचा न्हाई. बाकी काय बी कर." तुला मूल नव्हते. लोकांना वाटायचे की भाच्याला ठेवून घेतले ते त्यासाठी. मला वाटते, तुला मुलापेक्षा उजेडाची काळजी जास्त होती, आणि त्याचा मला फायदाच झाला. दिवसभर मी गप्प बसून अभ्यास करायला शिकलो तो तुझ्या भरतकामामुळे.

मामा स्टेशनात सांधेवाले. रुळांचे सांधे बदलून गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायची, हे त्यांचे काम. आपली चाळ रुळांना इतकी लागून होती की घाट चढून आलेली मालगाडी गेली की फळीवरची भांडी एकमेकांशी बोलायला लागायची. त्या वेळी तू सुई कापडातून काढून कानाच्या उंचीला धरायचीस. बोलणेही थांबायचे. शेवटचा डबा गेला की सुई खाली यायची आणि वाक्य जिथे तुटले होते तिथून पुढे सुरू व्हायचे. मामा म्हणायचे, "हिचा हात सिग्नलवानी पडला की गाडी सुटती. मला उगाच पगार देत्यात."

आठवते का, माझ्या बहिणीच्या, तानीच्या लग्नानंतर आपण सगळे वडिवळ्याला तिच्या सासरी गेलो होतो? तिथे रेल्वेचा आवाज पोहोचत नाही. तू ओसरीवर पाय पसरून टाके घालत बसली होतीस, आणि बोलता बोलता मध्येच सुई वर धरून गप्प झालीस. तानीची सासू घाबरली. तिला वाटले, तुला काही दुखले. मामा शांतपणे म्हणाले, "काय न्हाई विहीणबाई. लोणावळ्यात मालगाडी गेली असंल. हिला हितं कळतं." सासूबाईंनी ते खरे मानले, आणि त्या दिवसापासून तुझ्याकडे जरा आदराने पाहू लागल्या.

तुझ्या कुंचीला अस्तर नसायचे. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवे होते, कारण बाकीचे सगळे त्यातूनच निघते. इतर बायका कुंचीला आतून दुसरे कापड लावतात. त्याने ऊबही येते आणि भरतकामाच्या मागचा सगळा गुंताही झाकला जातो. तुला ते चालत नव्हते, आणि त्यामागे कसलेही व्रत नव्हते. आपल्याकडचा पावसाळाच असा की दुहेरी कापड आषाढात भिजले तर दसऱ्यापर्यंत आतून ओले राहायचे. पालथ्या टोपलीखाली निखारे ठेवून वर बाळाचे कपडे वाळवायचे, तरी अस्तराच्या पोटात बुरशी धरायची. "पोराच्या डोक्याला वल्लं कापड बांधायचं म्हंजे आई हाय का वैरीण?" तू म्हणायचीस. म्हणून तुझी कुंची एकेरी, जुन्या धुऊन मऊ झालेल्या धोतराची. आणि कापड एकेरी म्हटले की भरतकामाची मागची बाजू सरळ बाळाच्या डोक्याला लागणार. तेव्हा मागे गाठ नको, गुंता नको, लोंबता दोरा नको. शिवणसुद्धा दोन्हीकडून दुमडलेली.

फांद्यांसाठी तू दुहेरी टाका घालायचीस. जाताना एक घर भरायचे, एक सोडायचे. येताना त्याच वाटेने मागे येत सुटलेली घरे भरायची. पुढून आणि मागून नक्षी एकच. कापडाचे धागे मोजून मोजून ते करायचे, आणि मोजताना कोणी दार वाजवले तर पहिल्यापासून. दोऱ्याला गाठ न मारता त्याची शेपटी अंगठ्याखाली दाबायची आणि पुढच्या टाक्यांत लपवून टाकायची.

"पण गाठ नाही तर दोरा सुटून कसा येत नाही?" मी विचारले होते.

"शेजारणी धरत्यात त्याला," तू म्हणालीस. शेजारणी म्हणजे पुढचे टाके.

आपला न मिटलेला वाद तो हाच. मामा आणि मी एका बाजूला, तू एकटी दुसऱ्या बाजूला, आणि तरी आम्हीच कमी पडायचो. मामांचे म्हणणे, "जे आवळलेलं नसतं ते निसटतं. रेल्वेत पैला धडा ह्यो. गाठ मार अन् मोकळी हो."

"तुमच्या रुळावर पोर निजवायचं न्हाई मला," तू म्हणायचीस.

मी मामांच्या मदतीला धावायचो. एवढीशी गाठ, मोहरीएवढीसुद्धा नाही, बाळाला ती काय कळणार, असे मी एकदा फार शहाणपणाने म्हणालो. दुसऱ्या दिवशी शाळेतून येईपर्यंत माझे कपाळ खाजवून लाल झाले होते.

"उवा झाल्यात का काय?" तू विचारलेस.

मी टोपी काढून पाहिली. आतल्या पट्टीवर तू एक गाठ मारून ठेवली होतीस. मोहरीएवढीसुद्धा नव्हती. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र हार मानली नाही. टोपीचे कापडच जाड आहे, असे म्हणालो. मामी, ते कापड जाड नव्हते.

मला ताप आला होता तेव्हा तू मला सुई दिलीस. पडल्या पडल्या पुस्तक वाचले की डोळे दुखतात, त्यापेक्षा हे कर, म्हणालीस. एक लहानशी फांदी होती, तिला तीन फाटे. मी मोठ्या उत्साहाने एका फाट्यावरून गेलो, दुसऱ्यावर वळलो, तिसऱ्याच्या टोकाला पोहोचलो, आणि परत फिरल्यावर लक्षात आले की येतानाची वाट मी जातानाच भरून टाकली आहे. आता मागे यायचे तर कापडावर मोकळे घरच नव्हते. तुला दाखवले. तू कापड उलटे करून पाहिलेस, सुलटे करून पाहिलेस.

"आता ऱ्हा तिथंच," तू म्हणालीस. "तिथंच चूल मांड, संसार कर. आमी सणावाराला भेटायला येऊ."

मग तू मला समजावलेस की फांदीवर जाण्याआधी परत कसे यायचे ते ठरवायचे असते. उसवताना तुझा चेहरा अजिबात त्रासलेला नव्हता. उलट तू गुणगुणत होतीस. मला आश्चर्य वाटले होते. माझे वहीतले गणित चुकले की मी पान फाडत असे. तुला उसवणेही आवडायचे. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलताना तू म्हणालीस, "ऐकलास का आवाज? दोरा भाईर येताना बोलतो बघ." मी कान लावला. ताणलेल्या कापडातून दोरा येताना खरेच एक बारीकसा सूर निघतो. त्या तापात मला तो फार गोड वाटला होता. इथे खोलीत बसून मी परवा माझ्या सदऱ्याच्या बाहीतून एक दोरा ओढून पाहिला. बाही उसवली, सूर काही आला नाही.

बंगल्यातल्या बाईंची गोष्ट तर तू इतक्यांदा सांगितली होतीस की मला ती पाठ आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण ती तुला आवडायची. त्या उन्हाळ्यात हवा खायला आल्या होत्या आणि त्यांनी तुला टेबलावर घालायचे एक कापड भरायला दिले होते. त्यांना गुलाब हवे होते. तू म्हणालीस, गुलाब मी नीट बघितलेला नाही, करवंदाची जाळी भरून देते. त्या तयार झाल्या. कापड घेऊन गेलीस तर त्यांनी दोन हरकती काढल्या. पहिली, वेलीवर काटे कशाला? "काटं नसलेली करवंदी म्या बघितली न्हाई," तू म्हणालीस. दुसरी हरकत जास्त गंभीर होती. कापड टेबलावर घालून त्यांनी पुन्हा पुन्हा उलटेसुलटे केले आणि विचारले, "अहो, पण यातली सुलटी बाजू कुठली?"

"जी वर घालाल ती," तू म्हणालीस.

मामा ही गोष्ट चाळीत सगळ्यांना सांगायचे. तुझ्यासमोर तुझी थट्टा, तुझ्यामागे तुझी कौतुके, असा त्यांचा रिवाज होता. तुला ते माहीत होते, आणि तुला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हते.

पुण्याला कॉलेजात आल्यावर मी खादी वापरू लागलो, आणि सुट्टीत येताना तुझ्यासाठी हातसुताचे एक कापड आणले. यापुढे तू यावरच काम कर, असे भाषणही केले. तू नाही म्हणाली नाहीस. दोन दिवस घेऊन बसलीस. पण त्या कापडात एक धागा काथ्यासारखा आणि दुसरा केसासारखा. मोजून टाके घातले तरी एका बाजूचे फूल भोपळ्याएवढे आणि दुसऱ्या बाजूचे तिळाएवढे. तू ते माझ्यासमोर धरलेस. "तुझ्या सूत कातणाऱ्याला म्हणावं, म्या मोजती तसं त्यानं कातावं. मग दोघं बी देशाचं काम करू." त्याच कापडाची तू मला पुस्तकांची पिशवी शिवून दिलीस, ते भोपळ्याएवढे फूल मुद्दाम दर्शनी ठेवून.

मग तुझे डोळे मंदावले. चष्मा आला, पण नेढ्यात दोरा काही जाईना. तेव्हा मामांनी एक पद्धत पाडली, आणि ती आपल्या तिघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. पाळीवर निघण्याआधी ते दारात उकिडवे बसून सगळ्या सुया ओवून ठेवायचे आणि तुझ्या सुयांच्या उशीत खोचून जायचे. ती उशी तू विंचरताना निघालेल्या केसांच्या गुंतवळाची केली होतीस. खोबरेल मुरलेल्या केसांत सुई लोणावळ्याच्या हवेतही गंजत नाही. मामांच्या डोक्यावर तेव्हा केस उरले नव्हते. "माझं पन आसतं तर दिलं असतं," ते म्हणायचे, "पर तू आधीच काळजी देऊन देऊन खाल्लंस."

एकच घोळ व्हायचा. दोरा ओवला की मामांची बोटे आपोआप टोकाला गाठ मारून मोकळी व्हायची. जन्मभराची सवय. ते स्टेशनाकडे वळले की तू एकेक सुई काढून गाठ कातरायचीस आणि मला म्हणायचीस, "ह्या माणसाला देवानं बोटं दिली, ती बी गाठीचीच." संध्याकाळी ते विचारायचे, "सुया पुरल्या का?" तू म्हणायचीस, "पुरल्या. अन् गाठी बी उरल्या." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठी.

यंदा तानीला दिवस गेल्याचे कळले तेव्हा तुझ्या अंगात दहा वर्षे कमी झाल्यासारखा उत्साह आला. लढाईमुळे बाजारातून रेशमाच्या लडी नाहीशा झाल्या होत्या. जे मिळत होते त्याचा रंग एका धुण्यात पसरायचा. तू ट्रंकेतून तुझे लग्नातले लुगडे काढलेस आणि त्याच्या काठातले जांभळे रेशीम एकेक तार करून उसवायला बसलीस. मी संक्रांतीला आलो होतो. मामा दारात उभे राहून बघत होते.

"लग्न उसवाया काढलंस की," ते म्हणाले.

"काठच उसवती. पदर ठिवलाय," तू म्हणालीस.

त्या जांभळ्या रेशमाची करवंदे करायची असे तू ठरवले होतेस. तानी तेव्हा कान्ह्याहून तुला भेटायला आली होती. कुंची पाहून ती खूश झाली, पण काटे पाहून बावरली. "मामी, लेकराच्या डोक्यावर काटं?"

"रेशमाचं हायत, बये. अन् लेकरू मावळातलं हाय. त्याला कळाया नगं का, करवंद कुटं लागतं ते?"

कुंचीची पाठीवरची झूल पूर्ण झाली होती, कपाळावरची वेल झाली होती. डोक्याच्या मागे, जिथे बाळ निजल्यावर सगळा भार येतो, तेवढीच एक फांदी राहिली होती. ती तू मुद्दाम शेवटी ठेवलीस. तिथे काम सर्वांत मऊ हवे, म्हणालीस. पण तुला खोकला होता, आणि मालगाडी नसतानाही सुई मधूनमधून वर राहत होती. मी निघताना तू मला जवळ बसवून सांगितलेस, "सदू, राहिली अर्धी तर राहू दे. पर अस्तर लावून झाकायची न्हाई. अन् दुसऱ्या कुणाकडून गाठी मारून घ्यायच्या न्हाईत. एकच मागणं हाय माझं. तानीच्या लेकराच्या डोक्याला काय बी टोचाया नगं."

"मग पुरी कोण करणार?"

"तू कर की. कालेजात काय शिकवत्यात मग?"

आपण हसलो. मला वाटले, वाद पुढच्या सुट्टीत पुरा करू. तू पुढच्या सुट्टीपर्यंत थांबली नाहीस.

निरोप मिळाला तसा मी आलो. त्या दिवसाविषयी लिहीत नाही. ते चाळीतल्या सगळ्यांना माहीत आहे आणि तुला त्याची गरज नाही. एवढेच सांगतो की निघताना मी मामांना कुंचीचे विचारले. ती दाराजवळच्या खुंटीला होती, राहिलेल्या फांदीच्या टोकाला सुई तशीच टोचलेली. मी म्हणालो, मी पुण्याला घेऊन जातो, कोणा जाणकार बाईकडून पुरी करून आणतो. मामांनी मान हलवली. "राहू दे तितं." तानीचे दिवस भरत आले होते. मी म्हणालो, बारशाला लागेल ना? ते पुन्हा म्हणाले, "राहू दे." मला वाटले, ते ती आता कोणालाच देणार नाहीत. वाईटही वाटले आणि बरोबरही वाटले.

तेव्हापासून मला हीच रुखरुख लागून आहे. तानीचे बाळ तुझ्या कुंचीशिवाय पाळण्यात जाणार. आमच्या घरात असे पहिल्यांदाच होणार. आणि आणखी एक गोष्ट सांगायची राहून गेली ती. आमच्या वर्गातल्या एका श्रीमंत मुलाने माझी पिशवी पाहून विचारले होते, हे असे एक फूल मोठे आणि एक लहान काढण्याची कल्पना कोणाची? मी म्हणालो, माझ्या मामीची. तो म्हणाला, "त्यांना चित्रकलेची फार समज असली पाहिजे." हे तुला सांगायचे मी जपून ठेवले होते. तू किती हसली असतीस, आणि मग मामांना ऐकू जाईल अशा आवाजात किती वेळा सांगितले असतेस, याचा मी मनात हिशेब मांडून ठेवला होता.

तानीला मुलगा झाल्याचे कळले. कान्ह्याला आमच्या घरी ठरलेले बारसे नेमके माझ्या पेपराच्या दिवशी आले, त्यामुळे मला जाता आले नाही. इथपर्यंतचा लेख मी तेव्हाच लिहून ठेवला होता आणि इथेच संपवणार होतो. पण काल आबा तांदळाचे पोते घेऊन पुण्याला आले. तुला माहीतच आहे, आबा बोलायला लागले तरी बैल पाण्यावर नेल्यासारखे बोलतात, हळू आणि मध्येमध्ये थांबत. पाणी पिऊन झाले, पोते कोपऱ्यात लावून झाले, मग मी विचारले.

"बारसं कसं झालं?"

"झालं की."

"मामा आले होते?"

"आलता. कुंची घेऊन आलता."

मी विचारले, कोणती कुंची? आबा म्हणाले, "तुझ्या मामीची. पुरी केली की त्यानं."

"कोणी?"

"तुझ्या मामानं. पाळीवरनं आला की बसायचा म्हणं दारात, उजेड हाय तवर. चाळीतल्या बाया सांगत हुत्या. कुणाला हात लावू दिला न्हाई. पर गाठी मारल्यात पठ्ठ्यानं. करवंदागणिक गाठ. मागल्या बाजूनं."

आबा पुढे सांगू लागले. "तानीनं कुंची बांधली, अन् पोरगं जे रडाया लागलं. कुणी म्हनं भूक लागली, कुणी म्हनं दृष्ट लागली. तानीच्या सासूनं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. काय फरक न्हाई. मग तुझा मामा उठला. कुंची काढली, आतनं बोट फिरवलं. उलटी केली, अन् तशीच बांधली."

"उलटी?"

"उलटी. आतली बाजू भाईर. पोरगं गप झालं, झोपलं बी. अन् नुसतं बघून कुंची उलटी हाय हे कुणाला कळलं नसतं बघ. मला बी न्हाई. सगळीकडनं सारखीच. फकस्त मागल्या फांदीवर त्या गाठी वर आल्या, जांभळ्या जांभळ्या. बाया म्हनाया लागल्या, मागली करवंदं कशी खरीच लागल्यावानी दिसत्यात, ह्यो कुटला टाका? आमाला शिकवा."

"मामा काय म्हणाले?"

"काय म्हनतोय. खाली बघून बसला. तानीच्या सासूला तेवढा संशय आला. ती म्हनली, भाऊ, खरं सांगा, ह्यातली सुलटी बाजू कुटली?"

"मग?"

"म्हनला, जी वर घालाल ती."

आबांनी तंबाखूची चंची उघडून चिमूट काढली. मग म्हणाले, "एक मातूर मला कळलं न्हाई, सदू. बंद बांधत हुता तवा आपल्या घराच्या खालनं मालगाडी गेली. तर ह्यानं बंद सोडून हात वर धरला. असा, कानापाशी. सगळ्या बाया बघत ऱ्हायल्या. शेवटचा डबा जाईतवर तसाच बसला, अन् मग बांधलं."